इंग्रजीतला ‘जेरंड’ चकवतो? मग ‘मराठीचे पाणिनी’ दादोबा पांडुरंग यांची गोष्ट वाचाच

गिरगावात ‘प्रार्थना समाज’ हा पत्ता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बसचा स्टॉप असो की टॅक्सीवाल्याला सांगायची खूण, नाव पुरेसं असतं. ज्या संस्थेवरून हे नाव पडलं, ती १८६७ मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी सुरू झाली. आत्माराम हे तर्खडकर घराण्यातले. आणि तर्खडकर म्हटलं की जुन्या पिढीला लगेच आठवते ती इंग्रजी शिकवणारी भाषांतर पाठमाला.

पण ही गोष्ट त्या पाठमालेची नाही आणि आत्मारामांचीही नाही. ही गोष्ट आहे आत्मारामांच्या थोरल्या भावाची. त्यांनी तरुणपणीच मराठीचं व्याकरण लिहिलं आणि पुढची ४५ वर्षं ते दुरुस्त करत राहिले. नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

आता तुम्ही म्हणाल, मराठी व्याकरण लिहिणाऱ्या माणसाचा आणि इंग्रजीतल्या जेरंडचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगलाच जवळचा आहे.

पेशवाई बुडाली तेव्हा वय होतं चार वर्षं

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ चा, मुंबईतला. घराणं मूळचं वसईजवळच्या तर्खड गावचं, म्हणून आडनाव तर्खडकर. वडील पांडुरंग, आई यशोदा. घर वैश्य समाजातलं.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. तोवर शिक्षण म्हणजे पंतोजींची शाळा. पाढे, मोडी अक्षर, हिशेब आणि छडी. व्याकरण हा विषय त्या शाळेत नव्हताच. व्याकरण म्हणजे संस्कृत व्याकरण, आणि ते शिकायचं शास्त्री-पंडितांच्या घरी. घरात आणि बाजारात बोलली जाणारी मराठी नियम लावून शिकायची असते, हे कुणाच्या डोक्यातही येत नसे.

१८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी एक सोसायटी निघाली. तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली गेली. या सोसायटीच्या शाळेत दादोबा शिकले आणि तिथे त्यांना इंग्रजी भेटली.

या शाळेत एक नवीनच प्रकार होता. इंग्रजी शिकायची तर तिचं व्याकरणही शिकायचं. शब्दांच्या जाती ओळखायच्या, वाक्य सोडवायचं, कर्ता कोण आणि कर्म कोण ते सांगायचं. म्हणजे परक्या भाषेचं व्याकरण पाठ आणि स्वतःच्या भाषेचं माहीतच नाही, अशी या मुलांची अवस्था होती.

वय २२, पुस्तक मराठी व्याकरणाचं

मराठीचं पहिलं व्याकरण दादोबांनी लिहिलं, असं मात्र नाही. १८०५ मध्ये विल्यम केरी या मिशनऱ्याने बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं होतं. पण ते इंग्रजीत होतं, मराठी शिकू पाहणाऱ्या गोऱ्या लोकांसाठी. १८३१ मध्ये आलेला मोल्सवर्थचा प्रचंड शब्दकोशही मराठीतून इंग्रजीत नेणारा. मराठी मुलांना मराठीतून मराठीचे नियम सांगेल अशा पुस्तकाची गरज होतीच.

१८३६ मध्ये ते आलं. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’. लेखक दादोबा पांडुरंग, वय २२. त्याच सुमाराला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘बालव्याकरण’ही निघालं. म्हणजे मुंबईतल्या या पिढीला एकाच वेळी एकच गोष्ट खटकत होती.

दादोबांसमोर खरी अडचण होती ती साच्याची. मराठी मांडायची तर कोणत्या चौकटीत?

एक चौकट संस्कृतची. यास्काने शब्दांचे चार प्रकार सांगितले होते, नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीच्या व्यवस्थेत तर मुख्य पदं दोनच, नामाचे प्रत्यय लागलेली आणि क्रियापदाचे प्रत्यय लागलेली.

दुसरी चौकट इंग्रजीची. लिंडली मरे याचं १७९५ मध्ये निघालेलं इंग्रजी व्याकरण त्या काळी इंग्रजी शिकवणाऱ्या शाळांमध्ये सगळीकडे चालत होतं. दादोबांनी ढाचा घेतला तो याच घराण्यातला. आधी वर्ण, मग शब्द, मग वाक्य. विभक्ती आणि प्रयोग यांसाठी मात्र संस्कृतकडे वळायचं. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी अशा ज्या आठ जाती आजही शाळेत घोकल्या जातात, त्या याच परंपरेतून मराठीत रुजल्या.

पण साचा उसना घेतला की तो कुठेतरी टोचतो. इंग्रजीत ‘अंडर’ टेबलाच्या आधी येतो, मराठीत ‘खाली’ टेबलाच्या नंतर चिकटतो. इंग्रजी नामाला विभक्तीची रूपं जवळपास नाहीत, मराठीत ती ठासून भरलेली. आणि सगळ्यात मजेशीर गुंता होतो तो क्रियापदापासून नाम बनवताना. तिथेच जेरंड लपलेला आहे.

एक ‘आयएनजी’ आणि मराठीतली अर्धा डझन रूपं

जेरंड म्हणजे काय? क्रियापदाला ‘आयएनजी’ लावून बनवलेलं नाम. ‘स्विम’ हे क्रियापद. ‘स्विमिंग इज फन’ या वाक्यात ‘स्विमिंग’ कर्त्याच्या जागी बसलंय, म्हणजे ते नामाचं काम करतंय. हा झाला जेरंड. मराठीत सांगायचं तर ‘पोहणं मजेचं असतं’ मधलं ‘पोहणं’. मराठी व्याकरणात याला धातुसाधित नाम म्हणतात.

इथवर सोपं आहे. गोंधळ होतो तो इंग्रजीचं हेच ‘आयएनजी’ दुसऱ्या कामालाही जुंपलं जातं म्हणून.

गणपतीतलं लालबाग डोळ्यांसमोर आणा. ‘स्टँडिंग इन द क्यू इज नॉट ईझी’ आणि ‘द पीपल स्टँडिंग इन द क्यू आर टायर्ड’. दोन्हीकडे ‘स्टँडिंग’ अक्षराअक्षराने सारखं. आता मराठीत म्हणा. पहिलं वाक्य होईल ‘रांगेत उभं राहणं सोपं नाही’. दुसरं होईल ‘रांगेत उभी असलेली माणसं दमली आहेत’. पहिलं नाम, म्हणजे जेरंड. दुसरं माणसांचं विशेषण, म्हणजे प्रेझेंट पार्टिसिपल. इंग्रजीने दोघांना एकच कपडे घातलेत, मराठीने वेगवेगळे.

मराठीकडे पोहणं आहे, पोहत आहे, पोहताना आहे, पोहणारा आहे, पोहलेला आहे आणि पोहायला आहे. प्रत्येकाचं काम ठरलेलं. त्यामुळे मराठी माणसाला जेरंड ओळखायची एक हुकमी युक्ती मिळते. ‘आयएनजी’वाल्या शब्दाच्या जागी मराठीत ‘णं’ किंवा ‘ण्या’ येत असेल, तर बहुतेक वेळा तो जेरंड. ‘त’, ‘ताना’, ‘णारा’ किंवा ‘लेला’ येत असेल, तर तो जेरंड नाही.

आणखी एक गंमत. जेरंड हा शब्द मुळात लॅटिन व्याकरणातला. लॅटिनमधल्या जेरंडला नामासारख्या विभक्ती लागतात. मराठीचंही अगदी तसंच आहे. करणं, करण्याचा, करण्याने, करण्यात. इंग्रजी जेरंड असा बदलत नाही. म्हणजे ज्या भाषेतून हे नाव आलं, तिच्या जेरंडच्या जास्त जवळ इंग्रजी नाही, मराठी आहे! दादोबांच्या काळच्या इंग्रजी शाळापुस्तकांतही ‘आयएनजी’ रूपाचा विचार मुख्यतः पार्टिसिपल म्हणून होत असे आणि त्याचा नामासारखा वापर त्याच्याच पोटात सांगितला जाई. मराठीचा ‘णे’ मात्र स्वतःच्या पायावर उभा होता. इंग्रजीच्या चौकटीतून मराठीकडे बघणाऱ्या कुणालाही इथे थांबून विचार करावाच लागतो.

जावरा, सुरत आणि भुताखेतांशी पंगा

व्याकरण लिहून दादोबा एका जागी बसले नाहीत. माळव्यातल्या जावरा संस्थानच्या तरुण नबाबाचे शिक्षक म्हणून त्यांनी काम केलं. पुढे ते सुरतला इंग्रजी शाळेत शिकवायला गेले. मातृभाषा मराठी, शिकवायचं इंग्रजी आणि आजूबाजूला गुजराती, अशी ती परिस्थिती.

सुरतेत त्यांची गाठ दुर्गाराम मेहताजी यांच्याशी पडली. दोघांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून १८४४ मध्ये मानवधर्म सभा काढली. देव एकच, माणसाची किंमत जातीवर ठरत नाही, असा विचार त्यांनी मांडला. मांत्रिकांना तर त्यांनी जाहीर आव्हानं दिली. त्या काळात एका शाळामास्तराने भर गावात असं करणं हे धाडसच होतं. १८४६ मध्ये दादोबा मुंबईला परतले आणि सभेचा जोर हळूहळू ओसरला.

घरातले बाकीचेही शांत बसणारे नव्हते. धाकटे भाऊ भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये इंग्रजी वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रं लिहून कंपनी सरकार देशाला कसं लुटतंय ते मांडलं होतं. इंग्रजी शिकून नोकरी मिळवणारे पुष्कळ होते. त्याच इंग्रजीत सरकारला जाब विचारणारे मोजके, आणि त्यातला एक तर्खडकरांच्या घरात होता. भास्कर १८४७ मध्ये अवघ्या तिशीत वारले.

मास्तरांचे मास्तर

मुंबईला परतल्यावर दादोबांकडे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या नॉर्मल क्लासचं काम आलं. नॉर्मल क्लास म्हणजे शिक्षक तयार करणारा वर्ग. आजच्या भाषेत डीएड कॉलेज म्हणा. गावोगावच्या शाळांत जे मास्तर जाणार, ते इथे घडत होते. व्याकरणाचं पुस्तक नुसतं छापून पसरत नाही, ते शिकवणारा माणूस लागतो. दादोबांना पुस्तक आणि माणूस दोन्ही घडवायची संधी मिळाली.

१८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची साहित्य आणि विज्ञानाची संस्था निघाली. तिच्या मराठी शाखेचं, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचं अध्यक्षपद दादोबांकडे आलं. नवीन ज्ञान इंग्रजीत वाचायचं आणि मराठीत मांडायचं, हा तिथला रिवाज. पुढच्याच वर्षी या संस्थेने मुलींच्या शाळाही सुरू केल्या.

गुप्त सभा आणि चोरीला गेलेली यादी

१८४९ च्या सुमाराला मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. दादोबा आणि राम बाळकृष्ण जयकर ही तिच्यातली प्रमुख नावं. जातिभेद मोडायचा, पण गुपचूप. सभासद होणाऱ्याला सगळ्यांदेखत ख्रिश्चनाने भाजलेला पाव खावा लागे, असं सांगितलं जातं. आज पाव खाण्यात काय ते कळणार नाही. तेव्हा ही बातमी बाहेर फुटली तर माणूस जातीबाहेर, घरची लग्नं मोडलेली आणि मयताला खांदा द्यायला कुणी नाही.

नेमकं तेच झालं. १८६० च्या सुमाराला सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली आणि नावं बाहेर आली. सभा मोडली. लपून सुधारणा करता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला. आत्माराम पांडुरंगांच्या घरी १८६७ मध्ये निघालेला प्रार्थना समाज म्हणूनच उघड होता.

दरम्यान दादोबा १८५२ मध्ये अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले होते. १८५७ च्या धामधुमीत तिकडे भिल्लांचा उठाव झाला. तो मोडण्यात त्यांनी सरकारला मदत केली आणि त्यांना रावबहादूर हा किताब मिळाला. जातीच्या प्रश्नावर व्यवस्थेला आव्हान देणारा हा माणूस राज्यकर्त्यांच्या प्रश्नावर सरकारच्या बाजूने उभा राहिला. एकाच घरात भास्कर आणि दादोबा असे दोन वेगळे रस्ते होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

टीका झाली, पण पुस्तक बंद केलं नाही

आता पुन्हा व्याकरणाकडे. १८३६ च्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १८५० मध्ये आली, तिसरी १८५७ मध्ये. १८६५ मध्ये लहान मुलांसाठी ‘लघुव्याकरण’ आलं. शाळांमध्ये हेच पुस्तक चालू लागलं आणि लोक दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले.

पण सगळेच खूश नव्हते. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे संस्कृत आणि इंग्रजी दोन्हीत मुरलेले विद्वान. त्यांनी ‘शालापत्रका’त लेख लिहून दादोबांच्या व्याकरणातल्या अनेक मुद्द्यांची चिरफाड केली. वाद विभक्तीचा होता, प्रयोगाचा होता. त्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता. मराठीला इंग्रजीच्या फूटपट्टीने मोजायचं, संस्कृतच्या, की मराठीच्या स्वतःच्या?

या प्रश्नाचं उत्तर एका पुस्तकात मिळणारं नव्हतं. १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं, त्यात दादोबांसकट आधीच्या सगळ्यांची मतं तपासून पाहिली गेली. पण तपासायला काहीतरी समोर असावं लागतं, आणि ते दादोबांनी २२ व्या वर्षी ठेवलं होतं.

दादोबा स्वतःही पुस्तक झालं म्हणून मोकळे झाले नाहीत. १८६५ मध्येच मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका लिहिली. नाव दिलं आई-वडिलांचं. ‘धर्मविवेचन’ १८६८ मध्ये छापलं गेलं. १८७८ मध्ये स्वीडनचा तत्त्वज्ञ स्वीडनबर्ग याच्यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आणि १८८१ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, मोठ्या व्याकरणाची पूरणिका काढली. पूरणिका म्हणजे राहिलेलं भरून काढणारी पुरवणी. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचं मुंबईत निधन झालं.

त्यांनी आत्मचरित्रही लिहिलं होतं, पण ते १८४६ च्या आसपास थांबतं. अ. का. प्रियोळकरांनी ते संपादित करून १९४७ मध्ये प्रसिद्ध केलं. मुंबईतलं पहिलंवहिलं इंग्रजी शिक्षण आतून कसं दिसत होतं, हे कळण्यासाठी आजही त्याच्याकडे जावं लागतं.

जाता जाता या घराची आणखी एक गोष्ट. १८७८ मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर इंग्रजी बोलण्याचा सराव करायला मुंबईत आत्माराम पांडुरंगांच्या घरी राहिले होते. शिकवणारी होती आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा, म्हणजे दादोबांची पुतणी.

मग आज याचा उपयोग काय?

दादोबांनी इंग्रजीच्या चष्म्यातून मराठी पाहिली. तुम्हाला उलट करायचंय. मराठीच्या चष्म्यातून इंग्रजी पाहायची. जेरंडच्या बाबतीत तीन ठिकाणी हा चष्मा फार कामाला येतो.

पहिलं, मराठीत ‘ण्या’ला शब्दयोगी किंवा प्रत्यय चिकटला की इंग्रजीत प्रेपोझिशन आणि पुढे ‘आयएनजी’. जाण्यापूर्वी म्हणजे ‘बिफोर गोइंग’. शिकण्याबद्दल म्हणजे ‘अबाउट लर्निंग’. अपवाद ‘ण्यासाठी’चा. हेतू सांगायचा असेल तर तिथे बहुतेक वेळा ‘टू’ येतो. शिकण्यासाठी दादरला गेलो, ‘वेंट टू दादर टू लर्न’. ईमेलमधलं ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ मात्र बरोबर आहे, कारण तिथला ‘टू’ हे प्रेपोझिशन आहे. ‘टू मीट यू’ लिहिलं की चूक.

दुसरं, बोलताना मराठी माणूस सगळीकडे ‘आयला’ वापरतो. वाचायला आवडतं, वाचायला हवंय, वाचायला गेलो. इंग्रजी इथे क्रियापद बघून निवड करते. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’, ‘सजेस्ट’ यांच्यापुढे ‘रीडिंग’. ‘वॉन्ट’, ‘डिसाइड’, ‘होप’, ‘प्रॉमिस’ यांच्यापुढे ‘टू रीड’. ‘लाइक’पुढे दोन्ही चालतात. ‘आय एन्जॉय टू रीड’ ही चूक इथूनच येते. ही यादी पाठ करण्याला पर्याय नाही.

तिसरं ठिकाण सगळ्यात गमतीचं. ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ आणि ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात. मराठीत म्हणून बघा. पहिला चहा प्यायला थांबला. दुसऱ्याने चहा पिणं थांबवलं. फरक स्वच्छ. तसंच ‘रिमेंबर’चं. ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेव. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय. इंग्रजी जो फरक नियमाने शिकवते, तो तुम्ही लहानपणापासून मराठीत न चुकता करताय.

इंग्रजी येत नाही म्हणून मराठी बाजूला ठेवायची, हा सल्ला आज सर्रास दिला जातो. दादोबांच्या पिढीने मात्र दोन्ही भाषा शेजारी मांडून बघितल्या. पुढच्या वेळी ‘आयएनजी’ दिसलं आणि हा जेरंड की आणखी काही असं कोडं पडलं, तर आधी ते वाक्य मनात मराठीत म्हणा. ‘णं’ आलं, की समजा जेरंड सापडला.